भोयर सरांनी बोलावलेला पाहुणा

ही गोष्ट घडलेली आहे.

शब्दन् शब्द. खाली 'मनाचे खेळ' असं लिहायची ज्यांना घाई झाली असेल त्यांनी खुशाल लिहावं. ज्यांच्यासोबत हे घडलं ते तुमच्यापेक्षा पाच पट अविश्वासी होते, आणि शिष्ट तर दहा पट.

तारीख २१ डिसेंबर २०२४. शनिवार. वर्षातली सगळ्यात मोठी रात्र.

जागा नागपूर. रामदासपेठेतली एक चार मजली इमारत. तिसरा मजला. दक्षिणेकडे उघडणारी खिडकी.

तिथे मधुकरराव भोयर राहायचे. वय अडुसष्ट. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. मूळचे काटोलकडच्या खेड्यातले, पण गावाचं नाव काढलं की कपाळाला आठी पडायची. त्यांच्या हिशेबाने शेजारी मूर्ख, पेपरात लिहिणारे मूर्ख, देवळात जाणारे तर विचारूच नका. बायको प्रेमिलाबाईंनी 'मले' म्हटलं की ते 'मला' म्हणून दुरुस्त करायचे. चाळीस वर्षं दुरुस्त करत होते. शेवटी त्या माउलीने बोलणंच सोडत आणलं.

मधुकररावांना वाटलं, सुधारली.

मुलगा सुशील इंजिनिअरिंग सोडून पुण्यात बेकरी चालवायचा. त्याच्याच लग्नात, भरल्या पंगतीत, यांनी त्याला 'पाव भाजणारा' म्हणून हिणवलं. त्याला सहा वर्षं झाली. सुशीलने पुन्हा या घरात पाऊल ठेवलं नाही. प्रेमिलाबाई त्याच्याशी फोनवर बोलायच्या, तेही हे संध्याकाळी फिरायला गेले की.

म्हणजे या माणसाकडे गमावण्यासारखं होतं ते एवढंच. एक घर, एक बायको, दूर गेलेला एक मुलगा. आणि हे आपल्या हातून कधी जाऊ शकतं, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तर त्या शनिवारी इमारतीच्या कमिटीतल्या बायकांनी 'विंटर लाइट फेस्टिव्हल' ठेवला होता. फेस्टिव्हल कसला, पार्किंगमध्ये झगमगत्या माळा, प्लास्टिकचं झाड, बिनअंड्याचा केक आणि लाल टोपी घालून अवघडलेला वॉचमन रुपराव. सण कशाचा, हे कुणालाच धड माहीत नव्हतं. फोटो चांगले यायला हवे होते. बस.

इमारतीत ख्रिस्ती घर एकच. तळमजल्यावरच्या नीलाताई उजगरे, मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं की त्यांनाही दोन शब्द बोलायला सांगावं.

नीलाताई साधंच बोलल्या.

त्यांच्या दवाखान्यात पूर्वी स्वीडनची एक मेट्रन होती. तिच्या देशात डिसेंबरात सूर्य जेमतेम पाच-सहा तास दिसतो. मग या सगळ्यात मोठ्या रात्री लोक खिडकीत मेणबत्ती लावतात. एक ताट जास्तीचं वाढतात. एक खुर्ची रिकामी ठेवतात. घरातून गेलेल्या माणसाचं नाव मोठ्याने घेतात. तो रात्री येतो, जेवतो आणि उजाडायच्या आत जातो. ही चाल येशूच्याही आधीची. पुढे चर्चने तिला नाताळात सामावून घेतलं.

"एक मात्र पाळायचं," नीलाताई म्हणाल्या. "पहाटे मेणबत्ती शांत करताना 'आता जा' म्हणायचं. आलेल्याला निरोप द्यावा लागतो."

झालं. मधुकरराव उठले.

पंचवीस मिनिटं बोलले. केक कापायचा राहिला, मुलं पेंगायला लागली, पण सरांचा तास संपेना. पंचवीस डिसेंबर हा रोमन लोकांचा सूर्याचा वाढदिवस, पाद्र्यांनी तो उचलला. उत्तरेकडचे अडाणी लोक ओंडके जाळून सूर्याला परत बोलवत, तोच प्रकार पुढे सभ्य होऊन नाताळ झाला. कुठे म्हणे तेरा तारखेला पोरींच्या डोक्यावर जळत्या मेणबत्त्यांचा मुकुट ठेवतात. केसांनी पेट घेतला तर देवाला बोलवायचं की अग्निशमनला?

"पृथ्वी फिरते म्हणून सूर्य येतो," ते म्हणाले. "तुमच्या दहा रुपयांच्या मेणबत्तीला भिऊन येत नाही."

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण अति शहाणा, त्याचा बैल रिकामा.

"चला वर," ते म्हणाले. "प्रात्यक्षिक दाखवतो."

आठ-दहा माणसं हसत, मोबाइल सरसावत तिसऱ्या मजल्यावर गेली. मधुकररावांनी खिडकीत मेणबत्ती लावली. खुर्ची ओढली. प्रेमिलाबाईंना ताट वाढायला सांगितलं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, ठेचा.

"तिकडे नका ठेवू," प्रेमिलाबाई हळूच म्हणाल्या. "दक्षिणेकडे फक्त यमाचा दिवा ठेवतेत. तोबी धनतेरसले, घराच्या बाहेर."

"घ्या. दोन देशांच्या अंधश्रद्धा एका खिडकीत," मधुकरराव पाहुण्यांकडे बघून म्हणाले. सगळे हसले.

मग त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि वर्गात हजेरी घ्यावी तसं नाव घेतलं. स्वतःचंच.

"मधुकर गणपतराव भोयर, असाल तिथून घरी या. जेवण वाढलंय."

पुन्हा हशा.

"सर, घरातून गेलेल्याचं नाव घ्यायचं असतं," नीलाताई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या.

"मी कुठे गेलोय? हा काय, इथेच उभा आहे."

प्रेमिलाबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

खिडकी बंद होती. वारा नव्हता.

तरी ज्योत आतल्या बाजूला झुकली… बाहेरून कुणी दार उघडल्यावर झुकते तशी.

ते फक्त दोघींनी पाहिलं. नीलाताईंनी आणि प्रेमिलाबाईंनी. बाकीचे व्हिडिओ काढण्यात गुंग होते.

"निदान दोन घास तुम्हीच खाऊन घ्या," जाताना नीलाताई म्हणाल्या. "वाढलेलं ताट तसंच ठेवू नका."

"खाल्लं तर तुमचं खरं झालं म्हणाल," मधुकरराव म्हणाले आणि झोपायला गेले.

सकाळी आठला उठले. मेणबत्ती जळतच होती.

आणि रात्री होती तेवढीच उंच होती…

त्यांनी ती फुंकली आणि केराच्या डब्यात टाकली. निरोप वगैरे काही नाही. निरोप द्यायचा कुणाला?

ताट धुऊन पालथं घातलेलं होतं.

"कोण जेवलं?"

"तुमीच तर जेवले," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "आणखी भाकर मागून घेतली."

आणि त्या हसल्या. किती वर्षांनी हसल्या, ते मधुकररावांना आठवेना. बाईचं वय झालं, एवढा निष्कर्ष काढून ते पेपर वाचायला बसले.

त्या संध्याकाळी ते नेहमीप्रमाणे धरमपेठेपर्यंत फिरून आले. फाटकाशी रुपराव उभा राहिला. हातात संत्री.

"सर, आत्ताच तर वर गेले नं तुमी?"

"मी आत्ता येतोय."

"काहून मजाक करता सर? ही संत्री तुमीच तर देल्ली. माह्या पोरीच्या परीक्षेचंबी इचारलं."

रुपरावला मुलगी आहे हेच मधुकररावांना माहीत नव्हतं. सहा वर्षांत ते त्याच्याशी एकच वाक्य बोलले होते, दारू कमी पी. आणि तो दारू पीत नव्हता.

ते वर आले. घर शांत होतं. मोबाइल चार्जिंगला लावलेला होता, जाताना लावला होता तसाच. फिरताना ते तो कधी नेत नसत.

त्यात एक कॉल दिसत होता. सुशीलला केलेला. संध्याकाळी सहा दहा.

बेचाळीस मिनिटं…

दुसऱ्या दिवशी सुशीलचाच फोन आला. आवाज भरून आलेला.

"बाबा, काल तुम्ही जे बोललात ना… मला वाटलं नव्हतं तुम्हाला ते लग्नातलं लक्षात असेल. मी येतो. पंचवीसला ऑर्डरी संपल्या की विमानाने निघतो."

"मी काय बोललो?" मधुकररावांनी विचारलं.

तिकडे सुशील हसला. "तुम्हीच म्हणालात ना, पुन्हा विचारलं तर सांगणार नाही."

मधुकररावांनी फोन ठेवला. कालचा तो बेचाळीस मिनिटांचा कॉल पुन्हा काढून पाहिला. पण कबूल करतील ते मधुकरराव कसले? कुणीतरी आवाजाची नक्कल करतंय, हल्ली कॉम्प्युटरवर सगळं होतं, असं त्यांनी ठरवून टाकलं. पोलिसांत जाणार होते. मग वाटलं, पोलीसही मूर्खच.

त्या संध्याकाळी ते फिरायला गेलेच नाहीत. फाटकाबाहेर दहा मिनिटं घुटमळले आणि हळूच परत आले. आपल्या किल्लीने दार उघडलं.

स्वयंपाकघरातून आवाज येत होता.

"काय वं प्रेमिला, इतका तिखट ठेचा काहून केला? डोळ्यातून पाणी काढतं का माह्या?"

पाठोपाठ प्रेमिलाबाईंचं हसू. नवी नवरी हसते तसं, तोंडाला पदर लावून.

मधुकरराव जागीच थिजले.

तो आवाज त्यांचा होता. बोली मात्र त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी गावात पुरून टाकलेली होती.

ते आत शिरले…

प्रेमिलाबाई एकट्याच होत्या. ओट्यावर दोन कप. एक अर्धा, त्यातून वाफ येत होती. खुर्ची मागे सरकलेली. त्यांनी खुर्चीवर हात ठेवला.

गरम होती.

"कोणाशी बोलत होतीस?"

"तुमच्याशी."

"मी आत्ता आलोय."

प्रेमिलाबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत निरखलं.

"हो," त्या म्हणाल्या. "ते दिसून राहिलं."

चोवीस तारखेला गॅलरीत एक स्वेटर वाळत होता. मरून रंगाचा. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत प्रेमिलाबाईंनी विणलेला. तेव्हा मधुकररावांनी त्याला घोंगडं म्हटलं होतं आणि अंगाला लावला नव्हता. चाळीस वर्षं तो डांबराच्या गोळ्यांत पडून होता.

आता त्याची कोपरं वापरून सैल झाली होती…

आणि दक्षिणेच्या खिडकीत तीच मेणबत्ती उभी होती. केरातून काढून, पुसून ठेवलेली. मधुकररावांनी ती उचलायला हात पुढे केला तर प्रेमिलाबाई मध्ये येऊन उभ्या राहिल्या. चाळीस वर्षांत ही बाई त्यांना पहिल्यांदा आडवी आली होती. मधुकरराव मागे सरले.

पंचवीसला दुपारी ते नीलाताईंकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं दार वाजवलं. तोंडातला माज तरीही गेला नव्हता.

"तुमच्या त्या मेट्रनबाईंचा काही तोडगा असेल तर सांगा. माझा विश्वास नाही, पण घरात त्रास होतोय."

"कोणाला त्रास होतोय, सर?"

मधुकरराव समोरच्या खुर्चीवर बसले.

नीलाताईंनी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "त्याच पहाटे तुम्ही एकट्याने निरोप दिला असता तर भागलं असतं. आता नाही. आता घरात जे कोणी आहेत त्या सगळ्यांनी 'जा' म्हटलं पाहिजे. ज्याला सगळे म्हणतील, तो जाईल."

"तो आहे तरी कोण?"

"तुम्ही घरातून गेलेल्याला बोलावलंत," नीलाताई म्हणाल्या. "मी कशी सांगू तुमच्या घरातून कोण कधी गेलं होतं?"

मधुकरराव तिथून उठले आणि रस्त्याने नुसतेच फिरत राहिले. डोळ्यांसमोर विशीतला एक पोरगा येत होता. बायकोचा ठेचा खाऊन डोळे पुसणारा, तिच्याशी गावच्या बोलीत गप्पा मारणारा, गड्याच्या पोरांना संत्री वाटणारा. प्राध्यापक व्हायच्या घाईत त्यांना त्याची लाज वाटायला लागली होती. तो नक्की कुठल्या वर्षी नाहीसा झाला, ते त्यांना काही केल्या आठवेना.

परत आले तेव्हा अंधार पडला होता. साडेसहा झाले असतील. थंडी हाडांत शिरत होती. खालून वर पाहिलं.

तिसऱ्या मजल्यावर मेणबत्ती पेटली होती.

ते जिना चढले. किल्ली लावली. कुलूप उघडलं, दार उघडेना. आतून साखळी. दोन बोटांच्या फटीतून पाटवडीच्या रश्शाचा वास येत होता. आत कुणीतरी ताटं मांडत होतं. एक… दोन… तीन.

"प्रेमिला."

ताटांचा आवाज थांबला. पावलं जवळ आली.

"प्रेमिला, साखळी काढ. आत कोण आहे?"

"तुमी," फटीतून उत्तर आलं.

"अगं, मी बाहेर आहे."

"हो. तेबी तुमीच."

मधुकररावांनी फटीत बोटं घालून साखळी ओढली. रडू फुटेल असं वाटलं, आणि त्याचाही त्यांना राग आला.

"वेडी झालीस का? तो मी नाही. ते काय आहे ते तुला कळत नाही. तुला कधी काही कळलंय? मी खरा आहे, मी."

मग प्रेमिलाबाई बोलल्या. आवाज चढला नाही, थरथरला नाही.

"खरं कोण, हे मले चांगलं समजते. चाळीस वर्षं खऱ्यासोबतच तर काढली."

"मग एकदा म्हण," मधुकरराव फटीला तोंड लावून म्हणाले. गयावया करणं त्यांना येत नव्हतं, तरी केलं. "एकदाच. 'जा' म्हण."

प्रेमिलाबाईंचे डोळे फटीत दिसले. त्या आत वळल्या नाहीत. सरळ यांच्याकडे बघत होत्या.

"तुमी जा," त्या म्हणाल्या.

त्यांच्या मागून, अंधाऱ्या पॅसेजमधून, मधुकररावांचाच आवाज आला. शांत. कळवळा आल्यासारखा.

"जा गा, मधुकर."

फट बंद झाली.

ते पायरीवर बसून राहिले. किती वेळ, कोण जाणे. मग लिफ्ट थांबली आणि सुशील बाहेर आला. पोट थोडं सुटलेलं, कानाशी पांढरे केस. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात केकचा खोका. सहा वर्षांत पोरगा एवढा बदलला होता, आणि ते यांना कुणी सांगितलं नव्हतं, यांनी विचारलंही नव्हतं.

"सुशील," ते म्हणाले.

सुशीलने वाकून पाहिलं. नीट पाहिलं, दिव्याच्या उजेडात, हातभर अंतरावरून.

"सॉरी काका, ओळखलं नाही," तो म्हणाला. "जरा वाट देता का?"

त्यांनी पाय आवरून वाट दिली.

दार सताड उघडलं. मरून बाहीचा एक हात बाहेर आला आणि त्याने बॅग घेतली.

"ये गा बाबू. थकला अशीन. चाल, हात धू, तुह्या मायनं पाटवडी केली."

दार लागलं. आतून साखळी लावल्याचा आवाज आला. मग तिघांचं हसू.

मधुकरराव आता नागपुरातच, सक्करदऱ्याला एका खोलीत राहतात. सकाळी तलावाजवळच्या टपरीवर चहा पितात आणि शेजारी बसेल त्याला हे सगळं सांगतात. ज्यांनी ऐकलं त्यातले काही जण खातरजमा करायला रामदासपेठेतही जाऊन आले. तिसऱ्या मजल्यावर मधुकरराव भोयर नावाचे एक फार गोड गृहस्थ राहतात. पाणी देतात, जेवून जा म्हणतात, सोडायला फाटकापर्यंत येतात. जाऊन आलेल्या एकालाही तिथे भीती वाटली नाही. आपल्याला भीती वाटली नाही, हेच त्यांना पुढे कित्येक दिवस खात राहतं.

टपरीवरच्या मधुकररावांना कुणी त्या दुसऱ्याबद्दल विचारलं, तो भूत होता की काय होता, तर ते हात झटकतात. त्यात त्यांना रस नाही. शिष्टपणाही आता उरलेला नाही. चहा निवत जातो आणि ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात.

"फसली असती तर मी समजू शकलो असतो हो. पण तिनं मला ओळखलं होतं."